कोट

किल्ली अर्धीच फिरते हिची, साहरा,
मग जरा उचलून घ्यायची. जमेल हळूहळू.
टाकीला पोचा पडलाय तो माझ्या आधीच्याचा.

आणि हा कोट.
हस. झिंदरच्या जुन्या कपड्यांच्या बाजारात
मी घासाघीस करत होतो तेव्हा विकणाराही हसला होता:
एप्रिलात रजई कोण विकत घेतं, म्हणाला.
आतला कापूस मी उपसून काढला. अस्तर ठेवलं.

तुला वाटेल, वारा आहे की.
बाजाराच्या दिवशी पोरं जातात तसं
सदरा फडफडवत जावं.
जा, सकाळी आठपर्यंत जा. आठपर्यंत वारा आपला.
पुढे तो आपल्या अंगाहून तापतो,
आणि तापलेला वारा घाम पुसत नाही,
पितो.
ओठांवर मीठ राहतं.
कपाळ कोरडं पडलं की थांबायचं,
कुठेही, बाभळीच्या फाटक्या सावलीतसुद्धा.

म्हणून आतला सुती सदरा विहिरीवर बुचकळ.
पिळू नकोस.
वरून कोट, गळ्यापर्यंत बंद.
बाहीत बोटभर फट ठेव,
परक्याला ओसरीपर्यंतच येऊ द्यावं तशी.
मुंडासं ओलं, त्यावर हेल्मेट, काच खाली.
पहिली दहा मिनिटं तुला हुडहुडी भरेल.
चव्वेचाळीस अंशांत हुडहुडी!
घरी सांगितलं तर माझी बायको म्हणाली, ताप असेल.

बाकिन बिरजीच्या विहिरीपर्यंत सदरा वाळतो.
पुन्हा बुचकळ.
पाणी ओढणाऱ्या बायका काहीबाही बोलतील.
मला बोलायच्या, तुला तर बोलतीलच.
तहान लागायच्या आधी पी.
आईनं दिलेला फुरा निघतानाच संपव, दुपारी आंबतो.
सीटवर मेंढीचं कातडं टाकायला विसरू नकोस,
एकदाच विसरशील.

आता पेटी.
बर्फाच्या चार लाद्या, मध्ये लसीच्या बाटल्या,
बोटाच्या पेराएवढ्या.
प्रत्येकीवर वर्तुळ, वर्तुळात फिकट चौकोन.
चौकोन वर्तुळाइतका काळवंडला
की ती बाटली गेली.

एकदा, कधी ते विचारू नकोस,
साखळी तुटली. दुपारचे दोन.
पाणी संपलेलं, सदरा पापडासारखा.
मी पेटीला गाल लावला.
गरम होती. रस्त्यातल्या दगडाइतकी गरम.
असा राग आला!
आत एवढा हिवाळा घेऊन बसलीय
आणि बाहेर त्याचा वाससुद्धा नाही.

उघडली मी.
किल्ली देताना खोटं कशाला बोलू?
एक लादी मानेवर ठेवली, शंभर मोजायचे ठरवून.
साठाला ठेवून दिली परत.
झाकण दाबलं, कोट गळ्यापर्यंत लावला,
साखळीची कडी दगडानं ठोकली.

बेलबेजीला रमातू नर्सनं बाटली उजेडात धरली.
बराच वेळ धरली.
मग रांगेतल्या पहिल्या बाळाचं नाव पुकारलं: बालकिसू.
ती आता शाळेत जाते.
मला त्या गल्लीत काही काम नसतं,
तरी मी तिकडूनच वळतो.

आतल्या खिशात एक तिकीट सापडेल,
दोरी ओवलेलं, प्लास्टिकचं.
त्यावर पांढराशुभ्र डोंगर आहे,
आणि पायाला पट्ट्या बांधून उतारावरून येणारा माणूस.
फेकू नकोस.
हा कोट थंडीसाठी शिवलाय, साहरा.
इतकी वर्षं झाली,
आपण कुठे आलोय हे त्याला अजून माहीत नाही.
तू पण सांगू नकोस.